मूठ कशाची? ॲल्युमिनियमची की टायटॅनियमची?

'टायटॅनियम' हा शब्द नुसता उच्चारला तरी समोरचा जरा सावरून बसतो. विमानाचं इंजिन, माणसाच्या हाडात बसवायचे स्क्रू, महागडी घड्याळं, सगळीकडे हाच धातू. आणि ॲल्युमिनियम म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मेसमधलं आमटीचं पातेलं! त्यामुळे घडीच्या चाकूची मूठ कशाची असावी, असं हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कुणी विचारलं, तर बहुतेक मतं डोळे मिटून टायटॅनियमला पडतील. वर कारणही तयार असेल, "अरे, ते हलकं असतं ना!"

खरंच हलकं असतं का? असलं तर कशाच्या तुलनेत? आणि हलकं असणं एवढंच मुठीचं काम असतं का? या लेखात मी हेच तपासून बघणार आहे. एक आधीच सांगते. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे 'स्ट्रेस'ला शुद्ध मराठीत काय म्हणायचं यावर अडून न बसता वर्कशॉपमध्ये आणि व्हायवाला जे शब्द चालतात तेच वापरतेय. मराठीच्या सरांनी कृपया चालवून घ्यावं.

मुठीचं काम काय?

चाकूचा विषय निघाला की सगळे पात्याबद्दल बोलतात. स्टील कुठलं, हार्डनेस किती, धार किती टिकते. मूठ म्हणजे नुसतं धरायचं साधन, असा आपला समज. पण घडीच्या चाकूत मूठ चार कामं करते. पातं ज्या पिनवर फिरतं ती पिन पक्की धरते. बंद चाकूत धार झाकून ठेवते. उघड्या चाकूत लॉकला आधार देते. आणि हाताचा सगळा जोर पात्यापर्यंत पोचवते. यातलं तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. जोर लावलेला असताना लॉक सुटलं, तर पातं मिटतं ते थेट आपल्या बोटांवर. म्हणून मुठीचं मटेरियल हा शोभेचा प्रश्न नाही, बोटांचा प्रश्न आहे.

माझ्यापुरता हा प्रश्न पुस्तकातलाही नाही. माझ्या मामाची रत्नागिरीकडे आंब्याची बाग आहे. पावसाळ्यात कोय कलमं बांधायचं काम चालतं, तेव्हा दिवसभर हातात छोटा घडीचा चाकू असतो. काडी हातात धरून पातं अंगठ्याच्या दिशेने ओढायचं, असं ते काम. मामाच्या जुन्या चाकूचं पातं आता पिनवर डुगडुगतं आणि त्याला लॉक नाहीच. नवा चाकू मी बनवून देणार असं कबूल केलंय. पातं तयार मिळेल, मुठीचा पट्टा मात्र मलाच निवडायचाय.

आधी आकडे बघू

चाकूच्या मुठीत साधारण तीन मिश्रधातू दिसतात. ॲल्युमिनियमचे दोन, ६०६१-टी६ आणि ७०७५-टी६. टायटॅनियमचा मुख्यतः एक, ग्रेड ५, ज्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. म्हणजे टायटॅनियमच्या मुठीतही थोडं मेसचं पातेलं आहेच!

डेन्सिटी, दर घन सेंटिमीटरला: ६०६१ ची २.७० ग्रॅम, ७०७५ ची २.८१, ग्रेड ५ टायटॅनियमची ४.४३, स्टीलची साधारण ७.८५.

यील्ड स्ट्रेंग्थ: ६०६१ ची सुमारे २७६ मेगापास्कल, ७०७५ ची ५०३, टायटॅनियमची साधारण ८८०.

यंग्ज मॉड्युलस: ॲल्युमिनियमचा ६९ ते ७२ गिगापास्कल, टायटॅनियमचा ११४, स्टीलचा २००.

आता एक साधा हिशोब. मुठीची एक बाजू ११० मिलिमीटर लांब, २५ रुंद आणि ४ जाड धरा. दोन बाजू मिळून २२ घन सेंटिमीटर. हीच मूठ ६०६१ मध्ये ५९ ग्रॅम भरते, टायटॅनियममध्ये ९७ ग्रॅम आणि स्टीलमध्ये १७३ ग्रॅम. म्हणजे त्याच मापाची मूठ केली तर टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त जड! 'टायटॅनियम हलकं' हे वाक्य अर्धवट आहे. स्टीलपेक्षा हलकं, हे पूर्ण वाक्य.

यावर कुणी म्हणेल, "पण टायटॅनियम दणकट आहे, मग पट्टा पातळ घ्यायचा ना." बरोबर. पण पातळ किती घ्यायचा हे आपल्याला काय हवंय त्यावर ठरतं. इथे एसओएम कामाला येतं.

समजा, मूठ तेवढीच ताठ हवी, हातात वाकता कामा नये. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. हिशोब केला तर टायटॅनियमचा पट्टा ॲल्युमिनियमच्या साधारण ८५ टक्के जाडीचा चालतो. डेन्सिटीचा फरक धरला की तरीही वजन सुमारे ३९ टक्के जास्तच राहतं.

आता समजा, ताठपणा जाऊ दे, मूठ कायमची वाकू नये एवढंच हवंय. तिथे जाडीचा वर्ग येतो. टायटॅनियमचा पट्टा ६०६१ च्या ५६ टक्के जाडीचा पुरतो आणि वजन ८ टक्क्यांनी कमी होतं. इथे टायटॅनियम जिंकतं, पण थोडक्यात. समोर ७०७५ उभं केलं की पुन्हा हरतं, १९ टक्के जड पडतं.

एक गंमत जाता जाता. मॉड्युलसला डेन्सिटीने भागून बघा. ॲल्युमिनियम २५.६, टायटॅनियम २५.७, स्टील २५.५. तिन्ही जवळजवळ सारखे! म्हणून सपाट पट्टीच्या ताठपणात नेहमी कमी डेन्सिटीचा धातू फायद्यात राहतो, कारण त्याच वजनात तो जाड घेता येतो.

मग टायटॅनियम वापरतात कशाला?

नुसत्या वजनासाठी नाही, एवढं आता स्पष्ट झालं. खरं कारण लॉकमध्ये आहे.

क्रिस रीव्ह नावाचे चाकू बनवणारे कारागीर मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. १९८९ मध्ये ते अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइसीला गेले. १९९० च्या सुमारास त्यांचा 'सेबेन्झा' नावाचा चाकू आला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम'. त्यात त्यांनी वेगळं लॉक ठेवलंच नाही. टायटॅनियमच्या मुठीच्या एका बाजूला लांब चीर देऊन तिचाच एक भाग स्प्रिंगसारखा आत वाकवला. पातं उघडलं की ही जीभ आत सरकते आणि पात्याच्या बुडामागे पाचरीसारखी बसते. पातं मिटायला गेलं तर या जिभेला दाबत राहतं, पण ती हलत नाही. शिवाय मूठ घट्ट धरली की आपलीच बोटं जिभेला आणखी आत दाबतात. याला आज फ्रेम लॉक म्हणतात. त्याआधी १९८० च्या दशकात मायकेल वॉकर यांनी लायनर लॉकला आजचं रूप दिलं होतं. त्यात हीच जीभ मुठीच्या आतल्या पातळ पत्र्यात असते.

फ्रेम लॉकमध्ये मूठ हीच स्प्रिंग. आता स्प्रिंगला काय लागतं? भरपूर वाकून पुन्हा जागेवर येणं. यासाठी यील्ड स्ट्रेंग्थला मॉड्युलसने भागायचं. ६०६१ साठी उत्तर येतं ०.४० टक्के, टायटॅनियमसाठी ०.७७ टक्के. म्हणजे त्याच मापाची जीभ टायटॅनियममध्ये जवळजवळ दुप्पट वाकून परत येऊ शकते.

७०७५ चं उत्तर ०.७० येतं, म्हणजे फार मागे नाही. मग त्याची जीभ का नाही करत? इथे दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली फटीग. टायटॅनियम ग्रेड ५ कोट्यवधी वेळा वाकवूनही साधारण ५०० मेगापास्कलचा स्ट्रेस सोसतं. ॲल्युमिनियमला स्टीलसारखी पक्की एन्ड्युरन्स लिमिट नसते, त्याचा आलेख हळूहळू खाली येतच राहतो. ६०६१ साठी ५० कोटी आवर्तनांना धरला जाणारा आकडा ९७ मेगापास्कल आहे. अर्थात चाकू कुणी ५० कोटी वेळा उघडत नाही. दिवसाला ५० वेळा उघडला तरी वर्षाला १८,२५० आणि पाच वर्षांत ९१,२५०. म्हणजे तुटण्याची भीती दाखवून ॲल्युमिनियमला बाद करणं योग्य नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे झीज. जीभ जिथे पात्याला टेकते ती जागा नखाएवढीही नसते. पात्याचं स्टील रॉकवेल सी स्केलवर ५८ ते ६२ च्या आसपास. ६०६१ चा ब्रिनेल हार्डनेस ९५, ७०७५ चा १५०, टायटॅनियमचा साधारण ३३०. इतक्या कडक स्टीलसमोर ॲल्युमिनियमची कड चेपत जाणार. कड चेपली की जीभ दर महिन्याला थोडी पुढे सरकणार आणि एक दिवस पातं हलायला लागणार. म्हणून ॲल्युमिनियमच्या मुठीत लॉक वेगळ्या स्टीलच्या भागाचं असतं. ॲल्युमिनियम फक्त त्याला धरून ठेवतं.

टायटॅनियमही इथे निर्दोष नाही बरं का. ते स्टीलवर घासलं की चिकटतं. याला गॉलिंग म्हणतात. नव्या फ्रेम लॉकची जीभ कधी कधी अशी अडकते की अंगठा दुखेपर्यंत सरकत नाही. त्यावर उपाय म्हणून जिभेच्या टोकाला कडक कार्बाइडचा थर चढवतात किंवा स्टीलचा छोटा तुकडा स्क्रूने बसवतात. म्हणजे शेवटी टायटॅनियमलाही स्टीलची मदत घ्यावीच लागते!

हाताला काय जाणवतं?

६०६१ ची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे १६७ वॅट प्रति मीटर-केल्विन, ग्रेड ५ टायटॅनियमची फक्त ६.७. म्हणजे २५ पट फरक. हाताला गार लागणं डेन्सिटी आणि स्पेसिफिक हीटवरही अवलंबून असतं. ते सगळं एकत्र केलं की ॲल्युमिनियम साधारण पाचपट जोरात हातातली ऊब ओढतं. डिसेंबरच्या पहाटे हे चांगलंच कळतं. टायटॅनियमची मूठ लवकर 'आपली' वाटायला लागते.

पण जे चाकूत नडतं तेच दुसरीकडे हवंसं असतं. ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोची फ्रेम टायटॅनियमची केली, तेव्हा किती गवगवा झाला! २०२५ च्या १७ प्रोमध्ये ते पुन्हा ॲल्युमिनियमवर आले, कारण आतली उष्णता बाहेर काढायची होती. धातू तेच, काम बदललं, उत्तर बदललं.

रंगाची गोष्ट

दोन्ही धातूंना ॲनोडायझिंग करतात, पण दोन्हीकडे नाव सोडून सगळं वेगळं. ॲल्युमिनियम सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ॲनोड म्हणून टांगलं की त्यावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढतो. त्या छिद्रांत रंग भरायचा आणि मग गरम पाण्यात छिद्रं बंद करायची. साधा थर ५ ते २५ मायक्रॉनचा. ॲसिड शून्य अंशाच्या आसपास गार ठेवून जास्त करंट दिला की ५० मायक्रॉनपर्यंत कडक थर मिळतो. तो ॲल्युमिनियम ऑक्साइडचाच, म्हणजे खूप कडक. पण त्याखालचा धातू मऊ. अंड्याचं कवच म्हणा ना. नखाने, किल्लीने ओरखडा येत नाही, पण दगडावर आपटला की कवच फुटून आतली चांदी दिसते.

टायटॅनियमला रंग भरावाच लागत नाही. व्होल्टेज बदललं की ऑक्साइडच्या थराची जाडी बदलते आणि प्रकाशाच्या इंटरफिअरन्समुळे रंग दिसतो. पावसाळ्यात पार्किंगमधल्या डबक्यावर पेट्रोलचे रंग दिसतात ना, तेच फिजिक्स. साधारण ३० व्होल्टच्या आसपास निळा मिळतो, पुढे सोनेरी, मग गुलाबी-जांभळा, शंभरीच्या आसपास हिरवा. मात्र हा थर काही दहा-वीस ते शे-दीडशे नॅनोमीटरचा, त्यामुळे खिशात घासून तो लवकर उडतो. आणि भडक लाल किंवा काळा रंग या पद्धतीने मिळतच नाही.

किंमत एवढी का?

टायटॅनियम दुर्मीळ असतं म्हणून नव्हे. पृथ्वीच्या कवचातल्या मूलद्रव्यांत त्याचा नववा नंबर लागतो, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट, म्हणजे त्याचं खनिज, आहे. अडचण ते बाहेर काढण्यात आहे. विल्यम क्रोल यांच्या १९४० च्या पद्धतीत खनिजाचं आधी क्लोराइड करतात, मग हवा वगळून मॅग्नेशियमने त्यातून धातू सोडवतात. हे एकेका घाणीने चालणारं, सावकाश काम. ॲल्युमिनियमही एकेकाळी असंच मौल्यवान होतं. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड मानाने बसवला गेला. दोनच वर्षांनी हॉल आणि हेरू यांनी स्वतंत्रपणे विजेची पद्धत शोधली आणि पुढे ॲल्युमिनियम स्वयंपाकघरात आलं.

नंतर मशीनिंगचा खर्च. ॲल्युमिनियम मिलिंग मशीनवर लोण्यासारखं कापलं जातं. टायटॅनियममध्ये उष्णता चिपबरोबर निघून जात नाही, टूलच्या टोकावरच साठते. त्यामुळे स्पीड खूप कमी ठेवावा लागतो आणि टूल लवकर जातं. त्यात बारीक चिप पेटू शकतात, आणि पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी मारायचं नसतं, हायड्रोजन तयार होतो. कोरडी वाळूच हवी. आपल्या वर्कशॉपमध्ये लाल बादल्या लटकवलेल्या असतात त्या उगीच नाहीत.

खारा वारा

समुद्राजवळ टायटॅनियमला तोड नाही. खाऱ्या पाण्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. ॲल्युमिनियमही एरवी चांगलं टिकतं, पण स्टीलला चिकटून मीठ आणि ओल मिळाली की गॅल्व्हॅनिक सेल तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजून स्क्रूभोवती पांढरी पूड जमते. ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे तो शाबूत असेपर्यंत बचाव होतो. स्क्रूच्या आट्यांत ग्रीस लावणं आणि काम झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन पुसणं, एवढं पथ्य हवं. धुण्याच्या सोड्याने मात्र घासायचं नाही, अल्कलीने हा थर विरघळतो.

तर मग मामाचा चाकू?

मी ६०६१ ठरवलंय. कारणं अशी. कलमाच्या कामाला दणकट मूठ लागत नाही, लागतं ते लॉक. ते आत स्टेनलेस स्टीलच्या लायनरमध्ये देता येतं, त्यामुळे झीज स्टीलवर स्टील अशी होईल. दिवसभर हातात धरायचा तर पट्टा जाड आणि भरीव हवा, पातळ पट्टा तळहातात रुततो. त्या जाडीला ॲल्युमिनियमच हलकं. आणि सगळ्यात पटलेलं कारण म्हणजे रंग. बागेतल्या हिरव्या गवतात पडलेला चाकू शोधायला भडक नारिंगी मूठ हवी, आणि ती टायटॅनियममध्ये मिळत नाही. खाऱ्या वाऱ्याचं पथ्य मामाला कागदावर लिहून देणार आहे.

ही निवड काही माझ्या एकटीची कल्पना नाही. स्वित्झर्लंडच्या सैनिकांना १९६१ पासून २००८ मधलं नवं मॉडेल येईपर्यंत जो घडीचा चाकू मिळायचा, त्याची मूठ ॲनोडाइझ केलेल्या, खडबडीत नक्षीच्या ॲल्युमिनियमचीच होती. आतल्या स्प्रिंगा मात्र स्टीलच्या.

उलट कुणाला बारीक, खिशात न जाणवणारा, कमी भागांचा फ्रेम लॉक हवा असेल, समुद्रावर वापरायचा असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर त्याने टायटॅनियम जरूर घ्यावं. तिथे ते नावामुळे नाही, कामामुळे शोभतं.

म्हणून माझा सल्ला एवढाच. वस्तू निवडताना 'कुठला धातू भारी?' असं विचारू नका. 'या भागाला काम काय आहे? ताठ राहायचं, वाकून परत यायचं, घासलं जायचं, की नुसतं धरून ठेवायचं?' असं विचारा. डेटा बुकचं कुठलं पान उघडायचं ते आपोआप कळतं. व्हायवाला एक्स्टर्नलने 'व्हाय धिस मटेरियल?' विचारलं तर हेच उत्तर द्या.

आणि हो, चाकू मामाच्या बागेत शोभतो. हॉस्टेलच्या खोलीत ठेवायचा असेल तर आधी रेक्टर सरांना विचारा, आणि विमानाने घरी जाताना तो केबिन बॅगेत टाकू नका. तिथे मूठ कशाची आहे हे कुणी विचारत नाही!